धपाट्यांचा डबा

श्रेयाचा प्रोग्राम सुरू झाला की कॉम्प्युटरची मेमरी घेतच सुटायचा आणि काम संपलं तरी परत म्हणून करायचा नाही. सोबत चालणारे बाकीचे बिचारे प्रोग्राम जागेवाचून गुदमरायचे. चार वाजता कस्टमरला डेमो, आणि सिडकोतल्या घरी सकाळपासून कोडची ओळ न् ओळ पिंजून काढली तरी मेमरीची ही गळती काही सापडेना!

तेवढ्यात शेजारच्या सुगंधाकाकू दारात हजर. "श्रेया, माझा धपाट्यांचा डबा कधी देती गं?"

"काकू, रिकामा कसा देऊ? काहीतरी गोड करते, मग त्यात घालून देते."

"मागच्या डब्यांनाबी हेच म्हणली व्हतीस! माझी अख्खी मांडणी तुझ्या घरात अडकली. आता शेव ठेवायला बी डबा नाय उरला मला!"

श्रेया जागच्या जागी थबकली. मग काकूंना तसंच दारात सोडून स्क्रीनकडं पळाली आणि पोट धरून हसत सुटली. तिनं स्वतःच्या हातानं प्रोग्रामला घातलेली अट तिला वाकुल्या दाखवत होती :



'जागा रिकामी असेल, तर परत करायची नाही.'