ढोलावरचं नाव

चौसष्ट सालच्या लग्नसराईत दातिवऱ्याचा ‘वत्सला बँड’ फुटला. कमलाकांत आणि हरेश्वर हे भाऊ वेगळे झाले आणि दोघांनीही आपापल्या ढोलावर आईचंच नाव रंगवलं. माहीमच्या एका वरातीत दोन्ही बँड समोरासमोर आले. वाजवायचं सोडून भावांनी एकमेकांना बदडलं.

दुसऱ्या दिवशी पाटील त्यांच्या अंगणात येऊन बसले.

“मी थोरला. आयेचं नाव माजं,” कमलाकांत म्हणाला.

“आयेला सांबालतो मी. नाव माजं,” हरेश्वर म्हणाला.

पाटील वैतागले. “वत्सलाबाय, तुमीच सांगा. नाव कोनाला देता?”

बोंबील वाळत घालता घालता वत्सलाबाई थांबली.

“माजं हाय कुठं, द्यायला? लग्नात यांच्या बापाने ताटातल्या तांदलात अंगठीने वत्सला लिवलं. बापाची इस्टेट ती, घ्या वाटून.” तिने हातातले बोंबील टोपलीत आपटले. “माजं नाव हिरू. चालीस वर्सांत या घरात कोनी त्या नावाने हाक मारली नाय. आता कललं म्हनून ते कोनाच्या ढोलावर दिसलं, तर ढोल फोडीन.”