आपल्यापुरता राउटर

"वर्तक, हा स्वस्तातला राउटर किती वर्षं चालेल?" इंटरनेट कंपनीच्या मालकांनी विचारलं.

"दोन. जगभरच्या इंटरनेटचे सगळे मार्ग त्याच्या मेमरीत मावायला हवेत, आणि ते रोज वाढतात. मेमरी भरली की निम्मं शहर बंद."

"तोवर तुम्ही रिटायर झालेले असाल! उगाच कशाला डोक्याला ताप? करा सही."

वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. वर्तकांनी पेनचं टोपण काढलं. त्यांच्या आधी या खुर्चीत बसलेल्या साहेबांनीही असाच आपल्यापुरता, स्वतःच्या निवृत्तीपर्यंत टिकेल एवढाच राउटर घेतला होता. तो भरला, तेव्हा वर्तक लेकीच्या मांडवात होते. मंगलाष्टकं चालू असतानाच फोन आला आणि मुठीतल्या अक्षता तशाच कोटाच्या खिशात कोंबून ते ऑफिसकडे धावले होते.

त्यांनी टोपण पुन्हा लावलं. "मोठाच मागवा. माझ्यानंतर या खुर्चीत माझ्या हाताखालची आपली अनघा बसणार आहे. तिच्याही घरी कार्यं निघतील."

निरोप समारंभाला त्यांनी तोच कोट घातला. निघताना खिशात अक्षतांचे चार दाणे बोटांना लागले. लेकीच्या डोक्यावर पडायचे राहिलेले ते दाणे वर्तकांनी नव्या राउटरवर टाकले.