जांभळा बाण

खणकन चमचा पडला. तिच्याच कोपराचा धक्का लागला होता. घरातली शांतता मोडली आणि आतल्या खोलीतून हाक आली, "आई!"

तिचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. दवाखान्याच्या अ‍ॅपचे सगळे स्क्रीन संध्याकाळपर्यंत ग्राहकाकडे जायचे होते. म्हाताऱ्या माणसांची बोटं चुकतात, बटणं मोठी करा, असा निरोप ऐन दुपारी आला होता. लेकीच्या जन्मानंतर तीन वर्षांनी जुन्याच ऑफिसकडून मिळालेलं हे पहिलंच काम, तेही जमलं तर ठेवू या बोलीवर. आज घसरलं की गेलंच.

त्यात स्क्रीन डिझाइन करायचं हे नवं टूल. जुन्यावर तिचा हात डोळे मिटून चालायचा. फाइल आपल्या मशीनवर, आपल्या ताब्यात. पुरी झाली की पाठवून मोकळं. ऑफिसने नेमकं ती परतायच्या वेळी ते बदललं. नव्यात सगळ्यांची फाइल एकच आणि जो आत येईल त्याच्या माउसचा रंगीत बाण नावासकट फिरताना दिसतो. एक मूळ बटण करायचं, ते बदललं की सगळीकडचं बदलतं, हे तिला शिकवलंही होतं. पण हाताची सवय कुठे जाते? तिने आपली प्रत्येक स्क्रीनवर सुटी बटणं चिकटवली होती आणि आता एकेक मोठं करत बसली होती.

सकाळपासून एक जांभळा बाण तिच्या मागेमागे होता. त्यावर नाव होतं, 'मावशी'. मुख्य डिझायनरबाईंना सगळे तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे मावशी. बाईंनी ते नाव सरळ स्वतःच लावून टाकलं होतं. जुन्या टूलसाठी वर्षानुवर्षं भांडलेल्या या बाईंनीच म्हणे बदलाला सगळ्यांत आधी हात वर केला.

'माझ्या चुका बघायची सोय झाली,' ती मनात चरफडली.

"आई, ये ना गं!"

"आले, राणी."

गादी ओली झाली होती. चादर बदलली, फ्रॉक बदलला, दूध दिलं, सांडलेलं पुसलं. लेकीला कडेवर घेऊन ती टेबलाशी परतली, तेव्हा उन्हं खिडकीतून उतरली होती. आता कसलं होतंय, म्हणून तिने स्क्रीनकडे पाहिलं.

सगळी बटणं मोठी झाली होती. तिची सुटी बटणं जाऊन तिथे एकाच मूळ बटणाच्या प्रती आल्या होत्या. तिने मूळ बटणाचा रंग जरा बदलून पाहिला. प्रत्येक स्क्रीनवर बदलला. एकच जागा रिकामी होती, शेवटच्या स्क्रीनवरची. तिथे जांभळा बाण वाट बघत उभा होता.

तिने फोन लावला. लेक मांडीवर होती, म्हणून स्पीकरवर.

"मॅडम, हे तुम्ही...?"

"मावशी म्हण, चालतं. तुझा बाण थांबला की समजते मी, पोर उठलंय. तेवढ्यात हात फिरवते. सकाळीही फिरवला, तुला पत्ता नाही!"

"मला वाटलं, तुम्ही लक्ष ठेवताय."

"ठेवतेच आहे की! तुला परत घ्यायचं ठरलं, तेव्हाच म्हटलं, जुनं टूल गेलं खड्ड्यात. फाइल तुझ्या घरात कोंडून राहिली असती, तर मी कुठून हात लावला असता?"

"पण तुमचा केवढा जीव होता त्याच्यावर."

"होता ना. माझा मुलगा तान्हा होता तेव्हाही फाइल माझ्याच मशीनवर असायची. तो उठला की काम थांबायचं. शेवटी कामच सुटलं, तो शाळेत जाईपर्यंत. चल, शेवटचं बटण तुझं. लाव आणि पाठव."

तिने बटण लावलं. स्क्रीन ग्राहकाकडे गेले. जांभळा बाण टाटा केल्यासारखा इकडे-तिकडे हलला आणि दिसेनासा झाला. लेकीनेही हात हलवला. मग बाण होता तिथे बोट ठेवलं.

"आई, मावशीचं बाळ उठायचं, तेव्हा मावशीसाठी बाण कोण पाठवायचं?"