तिळाएवढी आई

हेरंब दोन वर्षांनी अकोल्याला आला आणि आल्या आल्या आंघोळीला गेला. फोन ओट्यावरच राहिला. कुमुदबाईंनी चष्मा लावून पाहिलं. हल्लीच्या फोनवर रोज दाबलेलं बटण फुगत जातं आणि बोटाखाली आपणहून धावत येतं. ज्याला कोणी विचारत नाही, ते आक्रसतं. हेरंबची रोजच्या कामाची बटणं भाकरीएवढी झाली होती. ‘आई’ मात्र खालच्या कोपऱ्यात, तिळाएवढी.

"अगंबाई, एवढीशीच उरले मी!" त्या पुटपुटल्या, आणि पापड लाटायच्या नेटानं तेच बटण दाबत सुटल्या. माजघरात त्यांचा स्वतःचा फोन चाळीसदा वाजला. तिळाचा वाटाणा झाला, वाटाण्याचा लाडू.

"आई, कोणाचे गं एवढे फोन येताहेत?" हेरंबनं न्हाणीतून विचारलं.

"आहेत रे माझीही माणसं!"

संध्याकाळी तो परत गेला. चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"आई, भाजी मागवत होतो गं. चुकून तुला लागला. ठेवतो."

"थांब, थांब," कुमुदबाई घाईघाईनं म्हणाल्या, "भाजी कुठली, तेवढं तरी सांग."