वीस टनी प्रेस

टण्णकन आवाज झाला आणि नट जेवणाच्या टेबलावरून घरंगळत फ्रिजखाली गेला. सकाळपासून घरात झालेला हा पहिला आवाज. तिने वाकून बघितलं. तिच्या नवऱ्यानेही वाकून बघितलं. उचलला कुणीच नाही.

टेबलावर जुने कागद पसरून गाडीच्या पुढच्या चाकाचा लोखंडी आर्म ठेवलेला होता. जेवायला बसलं की ताटाशेजारी तोच. त्याच्या एका टोकात झिजलेला रबरी बुश अडकून बसला होता. तो दाबून काढायचा आणि नवा दाबून बसवायचा, एवढंच काम. पण ते हाताच्या जोराने होणारं नव्हतं. त्याने ठोकून बघितलं, तेव्हा हातोडी सटकली आणि अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. तिने बर्फ आणून दिला होता. तेव्हापासून घरी हायड्रॉलिक प्रेस, म्हणजे तेलाच्या जोरावर दाबणारं यंत्र, फोनवर बघून मागवायचं चाललं होतं. चाललं होतं म्हणजे नुसतंच चाललं होतं. आपल्या गाडीला बाहेरच्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही ही त्याची जुनी खोड, आणि कधी नव्हे ते तिलाही ती पटली होती.

गाडी शेडमध्ये एका चाकावाचून स्टँडवर उभी होती. घराच्या दाराशी त्याच्या दोन बॅगा आणि पुस्तकांची खोकी. आता भांडण नव्हतं. भांडून झालं होतं. गाडी नीट झाली की सामान भरून तो दुसऱ्या गावी घेतलेल्या खोलीवर राहायला जाणार, असं दोघांनी शांतपणे ठरवलं होतं. सहा वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, "बाबांचं तिकडे काम आहे" एवढंच सांगितलं होतं. ती त्या खोक्यांवर चादर घालून बाहुल्यांना निजवायची.

"अजून गेला नाही?" भिंगरीच्या आईला तिची ताई फोनवर विचारायची. "घोडं कुठं पेंड खातंय?"

"बुशवर," ती म्हणायची. ताई हसायची. तिला हसू यायचं नाही.

सहा टनी प्रेस तिनेच नापास केला. "एवढ्याने हा गंजका बुश जागचा हलणार पण नाही." बारा टनीला दाब दाखवणारं घड्याळ नव्हतं, म्हणून तो त्याने खोडला. "किती दाबलं ते कळायला नको? आर्म वाकला की बसा बोंबलत." एकाची आर्म ठेवायची पाटी पातळ. एकाच्या जॅकमधून तेल गळतं, असं कुणीतरी लिहिलेलं. त्याने एक दाखवावा, तिने नाक मुरडावं. तिने एकाला हो म्हणावं, तर त्याला त्यात खोट दिसावी.

"लग्न ठरवताना एवढा विचार केला असतास तर!" ती एकदा वैतागून म्हणाली.

"म्हणून तर आता करतोय."

मग वीस टनी सापडला. तो शेडच्या दारातून आत जाईल का, म्हणून तिने टेप लावली. "नाही जाणार. दोन बोटं कमी पडतायत." टेपचं टोक चौकटीला टेकलेलं नव्हतं. ते त्याला दिसलं. "हो का," म्हणून त्याने फोन खिशात टाकला.

आज मात्र तो अडला नाही. "हा सुटा येतो. आत नेऊन जोडायचा. दाराचा प्रश्नच मिटला."

"घड्याळ?"

"आहे."

"पाटी पातळ असेल."

"जाड आहे. बघ."

"मग वजन केवढं असेल! फरशी फुटेल."

"शेडमध्ये फरशी कुठाय?"

ती भडकली. "मग घे ना! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

"घेतोच आहे."

त्याचा अंगठा फोनवर थांबला. काळं नख अर्ध्याच्या पुढे सरकलं होतं, मागून नवं गुलाबी आलं होतं.

"तुला अजून काही म्हणायचंय?" त्याने विचारलं.

"प्रेसबद्दल?"

"प्रेसबद्दलच."

तिने मान हलवली. नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. भिंगरी सायकल ढकलत आत आली. कोपरापर्यंत काळी.

"चेन बसली! कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी बसवली."

"आधी हात धू."

"आई, ऐक तरी! त्यांच्याकडे प्रेस आहे. बाबांपेक्षा उंच! मी म्हटलं, आमची गाडी प्रेसवाचून अडलीय, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, तो आर्म आणा इकडे, बोलता बोलता दाबून देतो."

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. "असं? मला माहीतच नव्हतं."

"मलाही," ती म्हणाली, आणि कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ करत बसली.

"असं कसं?" भिंगरीने कपाळाला आठ्या घातल्या. "काका तर म्हणाले, बाबा येऊन बघून गेलेत. आणि मग एकदा आईपण आली होती, विचारायला."

फ्रिज घुर्रर्र करून थांबला. तिने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता.

भिंगरीने टेबलावरचा आर्म दोन्ही काळ्या हातांनी धरून उचलून पाहिला. तो तिला उचलेना.

"मग आई," ती म्हणाली, "तुम्ही हा नेला का नाही?"