बंद पंपावरचा सेन्सर

भट्टीचं तापमान सकाळपासून ऑफिसच्या पडद्यावर येत नव्हतं. "सेन्सर जळला असेल," म्हणत इंजिनियर भट्टीपाशी गेली, तर सेन्सर ठणठणीत! तो बिचारा आकडे पाठवतच होता. पण ते लांबच्या ऑफिसपर्यंत बिनतारी पुढे न्यायला वाटेत कोणी उरलं नव्हतं. "पंपच बंद, मग हा कशाला सेल खातोय?" म्हणून वाटेतल्या पंपावरचा सेन्सर तिनेच सकाळी काढायला लावला होता. फिटरने तो पुन्हा बसवला आणि आकडे पडद्यावर आले. "मॅडम, ह्याला स्वतःचं काही सांगायचं नव्हतं, पण भट्टीचा निरोप हाच पोचवायचा." तिला आई आठवली. घरून बाबांचा निरोप आईच पोचवायची: "बाबा विचारतायत, जेवलीस का?" आई गेल्यापासून बाबांचा फोन नाही, रागावले असतील असं समजून तिनेही केला नव्हता. उभ्याउभ्या तिने नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. "बाबा, मी." "हं, थांब," ते सवयीने म्हणाले, "आईला देतो."