पलीकडची सावली

सिद्धलिंग सरांनी मोबाइलवर बघून व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसचा नवा खेळ आणला होता. चुकेपर्यंत एकीनंच मारत राहायचं. चेंडू जाळीत गेला, की तिनं पलीकडच्या कोर्टात जाऊन मांडी घालून बसायचं. पुढं कुणाची सर्व्हिस तिनं बसल्या जागी झेलली, की तिची सुटका. परत रांगेत यायचं.

सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर बसलं होतं. शाळेच्या मैदानात एकुलता एक कडुलिंब, त्याची सावली पडायची पलीकडच्या कोर्टात. सरांच्या मोबाइलात हे कुठं नव्हतं.

सबाला मात्र सावलीचं काही सुचत नव्हतं. उद्या वैराग गावाला मॅच होती. टीममधल्या पाच जणी पक्क्या. सहावी जागा तिची की नववीतल्या एका पोरीची, ते सर आज ठरवणार होते. त्या पोरीची सर्व्हिस त्यांनी कालच बघून ठेवली होती. आणि सबाची सर्व्हिस महिनाभरात जाळीपलीकडे गेली होती ती एकदाच, तीही वारा सुटला होता म्हणून.

आधी कॅप्टन अंकिता. तिची सर्व्हिस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती थेट जाळीत. मग दानेश्वरीची जाळीत. झीनतची तर जाळीच्या बुडाशी. पाच मिनिटांत पाचही जणी कडुलिंबाखाली बसल्या आणि अंकितानं खिशातून भाजलेल्या शेंगा काढल्या. सर कपाळाला हात लावून उभे राहिले.

सबाच्या डोक्यात आता प्रकाश पडला. आपली तशीही जाळीतच जाणार. जागा गेली ती गेली, निदान सावली तरी मिळेल. हात सैल सोडून तिनं मारली. चेंडू जाळीवरून गेला आणि झीनतच्या मांडीत पडला.

"झेलला की. चल, ऊठ," सर म्हणाले. झीनत शेंग चावत उन्हात आली.

सबानं पुढची मुद्दाम जाळीकडे मारली. ती दानेश्वरीच्या पोटावर.

"सबे, जाळीत मार की गं," अंकिता दबक्या आवाजात म्हणाली.

"तितंच मारतीय. जाईना झालीय."

अंकितानं अंग चोरलं, तरी चेंडू तिच्या ओंजळीत आला, शेंगांसकट. दहा मिनिटांत सावली रिकामी झाली. पाच जणी उन्हात उभ्या राहून सबाकडे खाऊ की गिळू अशा बघत होत्या.

"उद्या सबा खेळणार. पहिली सर्व्हिस तिचीच," सरांनी जाहीर करून टाकलं.

सबाला इतका आनंद झाला की चेंडू तिनं पोटाशीच धरला. मग तिच्या डोळ्यांपुढं वैरागची गर्दी आली आणि हात आवळून तिनं नेम धरला. तिनं मारली. चेंडू जाळीत जाऊन अडकून बसला.

ती सावलीत जाऊन बसली. सर मागोमाग आले.

"मघाशी एकबी चुकली न्हाय. काय मनात धरून मारत हुतीस?"

"खरं सांगू, सर? सावलीत बसायचं हुतं."

सरांनी वर कडुलिंबाकडे बघितलं, खाली टरफलांकडे बघितलं, मग उन्हातल्या पाच जणींकडे. टरफलांत राहिलेली एक शेंग उचलून त्यांनी सावकाश फोडली.

"उद्या वैरागात उतरल्यावर आदी सावली कुटल्या बाजूला हाय ते बघून ठिव."